मांडवातला उखाणा, जात्यावरची ओवी

दिवसभर दुसऱ्याच्या मालाबद्दल लिहून रात्री स्वतःच्या वहीकडे वळणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

जाहिरात-लेखकांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद दिलेत, त्याबद्दल आभार. आभाराचे काम आपल्या धंद्याच्या रीतीने एका वाक्यात आटोपतो आणि मुद्द्यावर येतो. कॉपी लिहिणारा माणूस कथा, कादंबरी किंवा कविता लिहितो तेव्हा तो एकच काम दोन ठिकाणी करतो की दोन वेगळी कामे करतो? या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आपल्याकडे आहेत. एक उत्तर साहित्यिकांच्या मांडवात चालते: कॉपी ही पोटापाण्याची सोय, आणि त्या माणसाने साहित्य लिहिले ते नोकरी असूनही लिहिले. दुसरे उत्तर आपल्या पुरस्कार-सोहळ्यांत टाळ्या घेते: चांगली कॉपी म्हणजे कविताच. पहिल्या उत्तरात आपल्या कामाची लाज आहे, दुसऱ्यात फुकटचा मोठेपणा आहे. मला दोन्ही अपुरी वाटतात. दोन्ही लेखनांमागची कारागिरी बरीचशी एक आहे, पण प्रत्येक वाक्य कोणाला बांधील आहे, हे दोन्हीकडे वेगळे आहे. हा फरक जो पुसत नाही त्याचीच दोन्ही कामे बरी होतात, एवढेच आज मला मांडायचे आहे.

त्यासाठी आपल्याच घरातला दाखला घेतो. लग्नाच्या मांडवात नव्या नवरीला सगळे म्हणतात, ‘नाव घे.’ उखाण्याच्या अटी पाहा. दोन ओळी, फार तर चार. यमक जुळलेच पाहिजे. नाव आलेच पाहिजे, तेही शेवटाकडे, ठळकपणे. ऐकणारे अनोळखी, घाईत, अर्धे लक्ष पंगतीकडे. कोणाचे मन दुखवायचे नाही, आणि संपताच हशा किंवा टाळी यायला हवी. याहून नेमका ब्रीफ कोणत्याही क्लायंटने आजवर दिलेला नाही. आपला क्लायंटही शेवटी ‘नाव घ्या’ एवढेच म्हणत असतो. फक्त तो त्याला लोगो मोठा करा असे म्हणतो. आता तीच नवरी काही महिन्यांनी पहाटे जात्यावर बसते. तिथे नाव घ्यायची सक्ती नाही, टाळी नाही, घाई नाही. समोर दळण आणि फार तर दुसऱ्या खुंट्याला हात लावणारी जाऊ. तिथे ती माहेर आठवते, सासुरवास बोलते, भावाशी भांडते, विठ्ठलाला जाब विचारते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. मांडवात कधीच बोलता आले नसते असे कितीतरी त्या ओव्यांत आहे. बाई एकच, भाषा एकच, यमकाचा कान एकच. फक्त उखाणा मांडवाला बांधील आहे आणि ओवी कोणालाच नाही. कॉपी हा आपला उखाणा आहे, साहित्य ही आपली ओवी आहे.

आधी उखाणा ओवीला काय देतो ते पाहू, कारण साहित्याच्या मांडवात हेच नाकारले जाते. डोरोथी सेयर्स 1922 मध्ये लंडनच्या एस. एच. बेन्सन या जाहिरात कंपनीत कॉपी लिहू लागल्या, आणि पुढची कित्येक वर्षे तिथेच होत्या. लॉर्ड पीटर विम्झी या त्यांच्या गुप्तहेराची पहिली कादंबरी 1923 ची. म्हणजे मोहरीच्या डब्यांसाठी मजकूर लिहिणे आणि इंग्रजी रहस्यकथेला नवे वळण देणे ही कामे त्यांनी एकाच काळात केली. नोकरी सोडल्यावर, 1933 मध्ये, त्यांनी ‘मर्डर मस्ट ॲडव्हर्टाइझ’ लिहिली आणि खून थेट जाहिरात कंपनीच्या गोल जिन्यावर घडवला. तिथली शब्दांवरची हुज्जत, क्लायंटच्या चिठ्ठ्या, ऐनवेळी बदललेली हेडलाइन हे सगळे आतून पाहिलेले आहे. पण त्या कादंबरीत सेयर्स यांनी जाहिरातीची दुनिया आणि अमली पदार्थांची दुनिया शेजारीशेजारी ठेवली. दोन्हीकडे माणसाच्या असमाधानावर धंदा चालतो, हे वाचकाला दिसते. हे वाक्य बेन्सनच्या टेबलावर कोणी मंजूर केले नसते. कारागिरी टेबलावरची होती, निष्कर्ष मात्र जात्यावर निघाला.

सलमान रश्दी यांचे उदाहरण याहून बारकाईने पाहण्यासारखे आहे. 1970 च्या दशकात ते लंडनमध्ये कॉपी लिहून घर चालवत होते. ऑगिल्व्ही अँड मेदर ही त्यांनी काम केलेल्या जाहिरात कंपन्यांपैकी एक. 1975 ची ‘ग्रिमस’ ही पहिली कादंबरी फारशी चालली नाही, 1981 च्या ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’ला बुकर मिळाले. जाहिरातीच्या कामाने आपल्याला शिस्त लावली, समोर आलेले काम वेळेत उरकायला शिकवले, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले आहे. पण शिस्त तर कारकुनीही लावते. खरी शिकवण शब्दाच्या पातळीवर आहे. बुडबुड्यांनी भरलेल्या एका चॉकलेटसाठी त्यांनी ‘इररेझिस्टिबल’ या शब्दाचे शेपूट कापून तिथे ‘बबल’ जोडला आणि ‘इररेझिस्टिबबल’ असा एक शब्द घडवला. आता ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’मधली आजी आठवा. ती दर वाक्यात ‘व्हॉट्सइट्सनेम’ असे तीन शब्दांचे एक गाठोडे टाकते. सांधा तोच, हत्यार तेच. पण जाहिरातीतला जोडशब्द एका चॉकलेटपाशी येऊन संपतो. दुसरा काही अर्थ निघाला तर तो दोष ठरेल. कादंबरीतला जोडशब्द त्या बाईचा हेका, तिची नाव न आठवण्याची धास्ती, तिचा दरारा, सगळे मोकळे करतो. एक शब्द दार लावून घेतो, दुसरा उघडतो.

दुसरी देणगी आवाजाची आहे. कॉपीरायटरला सकाळी तान्ह्या बाळाच्या आईचा आवाज काढावा लागतो, दुपारी कर्ज काढून ट्रॅक्टर घेऊ पाहणाऱ्या शेतकऱ्याचा, संध्याकाळी नुकत्याच निवृत्त झालेल्या शिक्षकाचा. कथालेखकाला याहून चांगली तालीम कुठे मिळणार? लिस्बनचा कवी फर्नांदो पेसोआ व्यापारी कंपन्यांची परदेशी पत्रे लिहून पोट भरायचा आणि जाहिरातीचा मजकूरही लिहायचा. 1920 च्या दशकाच्या अखेरीस त्याने कोका-कोलासाठी लिहिलेल्या पोर्तुगीज ओळीचा आशय असा, की आधी ते परके वाटते, मग अंगात भिनते. आणि हे दोन अर्थ सांगणारी क्रियापदे एका अक्षराच्या फरकाने जुळलेली होती. ते पेय त्या काळी पोर्तुगालात रुजले नाही, ओळ मात्र आजही सांगितली जाते. याच पेसोआने काएरो, रैश, कांपुश अशी स्वतंत्र चरित्रे आणि शैली असलेली माणसे घडवून त्यांच्या नावाने कविता लिहिल्या. परका आवाज काढणे त्याला नवे नव्हते. पण ही माणसे एकमेकांना खोडून काढतात, आपल्या कर्त्याशीही वाद घालतात. जाहिरातीतल्या तान्ह्या बाळाच्या आईला ही मुभा नसते. तिने शेवटी त्याच साबणाचे नाव घ्यायचे असते. आवाज काढता येणे ही देणगी कॉपीची असेल. त्या आवाजाला तुमच्याविरुद्ध बोलू देणे हे साहित्यातच शिकावे लागते.

आता आपल्या मुंबईकडे येतो. निस्सीम इझिकेल 1950 च्या दशकात शिल्पी या जाहिरात कंपनीत होते. भारतीय माणूस बोलतो ती इंग्रजी नंतर त्यांच्या कवितेत जशी उतरली, तिच्यामागे बोलीकडे लक्ष देणारा कान आहे, आणि आपल्या धंद्यात त्या कानावाचून चालत नाही. अरुण कोलटकर तर आपल्या जोडीतल्या दुसऱ्या खुर्चीवर, म्हणजे आर्ट डायरेक्टरच्या खुर्चीवर बसणारे. कमर्शियल आर्टिस्ट्स गिल्डचे, म्हणजे ‘कॅग’चे पुरस्कार त्यांनी सहा वेळा मिळवले. त्यांच्या इंग्रजी ‘जेजुरी’मध्ये, गाव आणि रेल्वे स्टेशन यांच्या मधल्या वाटेवरच्या एका कवितेत, ज्वारीच्या शेतात नाचणाऱ्या कोंबड्यांसाठी पानावरचे शब्दच वरखाली उडू लागतात. पानावरच्या रिकाम्या जागेची किंमत ज्याने रोज इंच मोजून ठरवली, त्यालाच ती अशी उधळता येते. कोऱ्या जागेचे पैसे मागणारा तिथे कोणी नव्हता, एवढाच फरक. किरण नगरकर हेही जाहिरातीतले कॉपीरायटर. त्यांची 1974 ची ‘सात सक्कं त्रेचाळीस’ ज्यांनी वाचली असेल, त्यांना कॉपीमुळे वाक्ये गुळगुळीत होतात हा आरोप तपासून घ्यावासा वाटेल. मराठी कादंबरीची नीटनेटकी घडी विस्कटणारे हे पुस्तक आहे. दिवसभर घडी घालणाऱ्या हाताला ती कुठे मोडते हेही ठाऊक असते.

यावर पहिला आक्षेप वेळेचा येईल. कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह ‘अरुण कोलटकरच्या कविता’ 1977 चा, आणि ‘चिरीमिरी’, ‘भिजकी वही’ ही पुस्तके आली 2003 मध्ये. मधली 26 वर्षे कोणी खाल्ली? नोकरीने, असे म्हणणे सोपे आहे, पण पुरावा तसे सांगत नाही. ‘भिजकी वही’चा आवाकाच सांगतो की लेखन थांबलेले नव्हते, थांबले होते ते प्रकाशन. पुढे याच पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जाहिरातीने त्यांना काही दिले असेल, तर कवितेला बाजारात उभे न करण्याची मोकळीक दिली, असा माझा तर्क आहे. ज्याची चूल दुसऱ्या लाकडावर पेटते, त्याला कवितेची मोळी विकायला काढावी लागत नाही. अर्थात ही मोकळीक सगळ्यांना मिळत नाही, हेही खरे. रात्री अकराला क्लायंटचे बदल येत असतील तर वही उघडायची कधी? या तक्रारीत तथ्य आहे. पण ती तक्रार कामाच्या तासांबद्दल आहे, कॉपी या प्रकाराबद्दल नाही. शिक्षक, बँकेतले कर्मचारी आणि घर सांभाळणाऱ्या बायका हीच तक्रार आपल्यापेक्षा जास्त हक्काने करू शकतील.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो मी अर्धा मान्य करतो. कॉपीमुळे लेखकाला टाळीच्या ओळीची सवय लागते. प्रत्येक परिच्छेद शेवटी चटकदार व्हावा, प्रत्येक कवितेने अखेरच्या ओळीत कोलांटी मारावी, असा हात पडून जातो. अलीकडच्या पुष्कळ मराठी कविता शेवटच्या ओळीपासून उलट्या लिहिल्यासारख्या वाटतात, याचे एक कारण हे असू शकेल. खोटे बोलण्याची सवय लागते, असा आरोप लोक करतात. मला तो दुय्यम वाटतो, कारण आपण कुठे अतिशयोक्ती केली हे लिहिणाऱ्याला पक्के माहीत असते. आटोपशीरपणाची सवय मात्र नकळत लागते. ज्या अनुभवाला शेवट नाही त्यालाही ती शेवट लावते. यावर उपाय नोकरी सोडणे हा नाही. जात्यावर बसल्यावर मांडव विसरणे हा आहे. उखाण्याची सवय पडलेल्या बाईला ओवी अर्ध्यावर सोडून दळण पुढे चालू ठेवता आले पाहिजे.

तिसरा आक्षेप आपल्याच गोटातून येतो: मग चांगली कॉपी कविता का नाही? याची सर्वांत जोरदार बाजू व्लादिमीर मायकोव्हस्कीने मांडली. 1923 पासून दोनेक वर्षे अलेक्सांद्र रोदचेन्कोबरोबर त्याने सोव्हिएत सरकारी दुकानांच्या जाहिराती केल्या, आणि इतर कवी हुर्यो करत असताना त्यांतल्याच मॉसेलप्रॉम या सरकारी संस्थेसाठीची आपली घोषणा अव्वल दर्जाची कविता आहे, असे आत्मचरित्रात ठणकावून लिहिले. कारागिरीपुरते त्याचे म्हणणे मला मान्य आहे. पण एक साधी कसोटी लावून पाहा. त्या ओळीला आपल्या दुकानाविरुद्ध एक शब्द बोलता येईल का? ‘इथे सगळे मिळते, फक्त मला हवे ते मिळत नाही’ असे ती म्हणू शकेल का? म्हणू लागली तर कदाचित कविता होईल, पण त्याच क्षणी जाहिरात राहणार नाही. शिवाय ओळीखाली सही नसते, ही गोष्टही लहान नाही. अंडे खाऊन कामाला जा, असे सांगणारी ब्रिटनमधली प्रसिद्ध घोषणा वर्षानुवर्षे कादंबरीकार फे वेल्डन यांच्या नावावर सांगितली गेली. आपण त्या गटाच्या प्रमुख होतो, ओळ आपली नव्हे, असे त्यांनी स्वतः सांगितले, तरी लोक ऐकत नाहीत. बिनसहीच्या ओळीला बाप चिकटवायची घाई लोकांना असते. पण ती चुकली तर जाब द्यायला कोणीच पुढे येत नाही.

इथेच माझ्या मुद्द्याची दुसरी बाजू सुरू होते. ओवी उखाण्याला काय देते? माझे उत्तर असे, की ती शब्दाची किंमत सांगते. आपल्या भाषेने तिचा सर्वांत लाडका देव सावळा मानला. अभंगांत, ओव्यांत, पाळण्यांत हा शब्द शतकानुशतके मायेने उच्चारला गेला. आणि गोरेपणाच्या मलमांच्या जाहिरातींनी काही दशकांत सावळी असणे ही मुलीची अडचण ठरवली. 2020 मध्ये एका मोठ्या ब्रँडने आपल्या नावातला गोरेपणा काढून टाकला, पण शब्दाला लागलेला डाग नाव बदलून जात नाही. त्या जाहिरातींचा मजकूर आपल्यासारख्याच कोणीतरी लिहिला होता, आणि वाईट हेतूने नव्हे. ब्रीफमध्ये तसे होते म्हणून. ज्याने सावळा हा शब्द कवितेत हाताळला आहे, त्याला निदान हेडलाइन लिहिताना तो टोचला पाहिजे. सरकारी प्रचारालाही हेच लागू आहे. पोलिओ लशीच्या दोन थेंबांची हाक घराघरात गेली, आणि 2014 च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला. त्यामागे लस होती, दारोदार फिरणाऱ्या कार्यकर्त्या होत्या, आणि तुमच्याआमच्या जातकुळीची कॉपीही होती. पण ‘लहान कुटुंब, सुखी कुटुंब’ ही तितकीच गोड ओळ आणीबाणीत सक्तीच्या नसबंदीच्या काळातही भिंतींवर तशीच होती. ओळ बदलली नव्हती, तिच्या पाठीशी उभा असलेला माणूस बदलला होता. ओळ लिहिणाऱ्याने आपल्या ओळीमागे कोण उभे आहे हे पाहावे, ही अपेक्षा साहित्याच्या संस्कारातून येते. ब्रीफमधून येत नाही.

आता मराठी कॉपीबद्दल थोडे परखड बोलतो. 1905 मध्ये गिरगावात बी. दत्ताराम यांची जाहिरात कंपनी उभी राहिली. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या कंपन्यांत ती मोजली जाते. ज्या शहरात या धंद्याने बाळसे धरले, तिथल्या भाषेत आज मूळ कॉपी किती लिहिली जाते? ओळ इंग्रजीत किंवा हिंदीत ठरते, चित्रीकरण होते, आणि शेवटच्या संध्याकाळी ‘मराठी ॲडॉप्टेशन’ मागितले जाते. त्याच्या खुणा होर्डिंगवर दिसतात. ‘अनुभवा ताजेपणा’, ‘म्हणा अलविदा कोंड्याला’, ‘आता मिळवा’ हे क्रियापद आधी टाकून हुकूम सोडणारे मराठी कोणत्या घरात बोलले जाते? ‘ठंडा मतलब कोका-कोला’ ही प्रसून जोशी यांची हिंदी ओळ घ्या. उत्तरेत शीतपेयाला ‘ठंडा’ म्हणायची रीत होती, ती त्यांनी नेमकी पकडली. आपल्याकडे पाहुण्याला ‘थंड घेणार की चहा?’ असे विचारतात. त्या ‘थंड’मध्ये सरबत आले, ताक आले, पन्हे आले, कोल्ड्रिंकही आले. तिथे भाषांतराने काम होत नाही. मराठी घरात उभे राहून नवी ओळ शोधावी लागते. हे काम शब्दकोशाचे नाही. ज्याने बोलीत कथा लिहिल्या आहेत, त्याचे ते काम आहे. म्हणून कंपन्यांना माझे सांगणे आहे, की मराठी लेखकाला ब्रीफच्या पहिल्या बैठकीला बोलवा, शेवटच्या संध्याकाळी नको. आणि साहित्याच्या इतिहासकारांना विनंती आहे, की लेखकाच्या चरित्रातले ‘काही काळ जाहिरात क्षेत्रात नोकरी’ हे वाक्य लिहून पुढे जाऊ नका. त्या काळातले काम शोधा, जपा, वाचा.

यंत्र आता क्षणात वीस हेडलाइन काढून देते, मग तुमचे काय, असे विचारणारे इथेही असतील. भीती खोटी नाही. उखाण्याच्या अटी मोजता येतात, म्हणून उखाणे यंत्राला जमतील. छापील उखाण्यांची पुस्तके लग्नसराईत पूर्वीपासून विकली जातच होती. पण पुस्तकातला उखाणा घेतला की मांडवातल्या बायकांना तो लगेच ओळखू येतो. विसांतल्या एकोणीस ओळी का टाकायच्या आणि विसावी का खरवडायची, हे ठरवणारा कान उखाणे पाठ करून तयार होत नाही. तो पहाटेच्या दळणात तयार होतो, जिथे कोणी नाव घ्यायला सांगत नाही आणि कोणी टाळी वाजवत नाही.

तेव्हा तरुण मित्रमैत्रिणींनो, कॉपी लिहिण्याची लाज वाटू देऊ नका आणि तिला कविता म्हणून मिरवूही नका. मांडवात नाव घ्यायचे तर स्पष्ट घ्या, आणि ज्याचे नाव घेता तो त्या नावाला जागणारा आहे का, हे आधी विचारा. घरी गेल्यावर मात्र जात्यावर बसा, रोज बसा. पीठ थोडेच पडेल, पण त्यात कोणाचे नाव मिसळलेले नसेल.